चढणीचे मासे आणि अडलेल्या वाटा

'मांडवी' म्हटले की आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना गोव्याची नदी आठवते. ते साहजिकच आहे. तिला वरच्या अंगाला म्हादई म्हणतात आणि ती आपल्या खानापूर तालुक्यातच उगम पावते. माझी मांडवी मात्र नदी नव्हे. ती बडोद्याच्या जुन्या शहराच्या मधोमध असलेली, प्रत्येक बाजूस तीन तीन कमानी असलेली चौकोनी इमारत आहे. पाणीगेट, लहेरीपुरा, चांपानेर आणि गेंडीगेट या चारी दरवाजांचे रस्ते तिच्यापाशी येऊन मिळतात. आमचे घर त्या मांडवीपासून हाकेच्या अंतरावर होते. गायकवाडांच्या चाकरीसाठी आलेली जी मराठी घराणी तेथे पिढ्यान् पिढ्या राहिली, त्यांतलेच आमचे एक. घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि पानात मासळी असा आमचा संसार होता.

मी शाळेत होतो तेव्हाची, म्हणजे १९८० नंतरच्या पाच-सात वर्षांतली गोष्ट सांगतो. श्रावण पाळणारी आमची आजी आषाढात मात्र रोज विचारी, "नर्मदेला पूर आला का रे?" पूर आला की वडील कामानिमित्त भरूचला जात तेव्हा येताना कापडी पिशवीत बर्फ आणि लाकडाचा भुसा घालून पालवा घेऊन येत. चांदीच्या ताटासारखा लखलखीत, रुंद, काट्यांनी भरलेला तो मासा. आजी तो गाभोळीसह शिजवी. काटे काढता काढता जेवणाला दोन तास लागत, आणि आजीच्या मते पोरांना स्वस्थ बसवण्याचा तोच एक उपाय होता. हाच मासा बंगालचा इलिश, आंध्रचा पुलसा, सिंधचा पल्ला. कोकणात त्याला पाला म्हणतात, भरूचच्या बाजारात पालवा किंवा चाकसी. इंग्रजीतून आलेले 'हिल्सा' हे नाव सर्वांना परिचित आहे.

पुराचा आणि पालव्याचा संबंध काय, हे आजीला ठाऊक होते. कारण मात्र ठाऊक नव्हते. ते मला पुढे प्राणिशास्त्र शिकताना समजले आणि त्यातूनच या लेखाचा विषय निघाला.

हिल्सा हा मूळचा समुद्रातला मासा. पण त्याची अंडी खाऱ्या पाण्यात वाढत नाहीत. म्हणून पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी लोंढ्याने खाडीत शिरू लागले की त्या पाण्याच्या सुगाव्याने थवेच्या थवे नदीत चढतात, प्रवाहाच्या उलट दिशेने वर जाऊन अंडी सोडतात आणि परततात. एकेका मोठ्या मादीच्या पोटात दहा-वीस लाख अंडी असू शकतात. ती वाहत्या पाण्याबरोबर तरंगत खाली जातात आणि साधारण एका दिवसात फुटतात. पिले काही महिने गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढून मग समुद्राकडे जातात. म्हणजे या माशाला दोन घरे आहेत आणि त्यांना जोडणारा रस्ता एकच. तो रस्ता बंद पडला तर दोन्ही घरे असून नसल्यासारखी.

नर्मदेतील हिल्साच्या प्रजोत्पादनाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मराठी होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. त्या काळी भरूच मुंबई राज्यात होते आणि तेथील मासेमारी मुंबईच्या मत्स्यखात्याच्या अखत्यारीत येत असे. त्या खात्यातील डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी नर्मदेतील हिल्साच्या सवयी, त्याची अंडी आणि पिलांची सुरुवातीची वाढ यांवर लिहिलेला निबंध १९५० साली राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. हेच कुलकर्णी पुढे महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक झाले, आणि १९७० नंतर लोणावळ्याच्या टाटांच्या तलावाकाठी महसीर माशाची कृत्रिम पैदास करण्याच्या कामातही त्यांचा पुढाकार होता. त्या महसीरची कथा पुढे येईलच.

आता नर्मदेकडे वळू. केवडियाजवळ सरदार सरोवराच्या पायाभरणीचा दगड १९६१ साली बसला, १३८.६८ मीटर उंचीचे पूर्ण धरण २०१७ च्या सप्टेंबरात राष्ट्राला अर्पण झाले. हे धरण समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत आहे. हिल्साची मुख्य वर्दळ त्याच्या बरीच खाली होती, तेव्हा भिंतीने त्याला प्रत्यक्ष अडवले असे म्हणता येत नाही. मग भरूचचा पालवा कमी का झाला? अडथळा केवळ दगडाचाच असतो या समजुतीतून आपण बाहेर यावयास हवे. गोड्या पाण्याचा लोंढा समुद्रापर्यंत पोहोचणे हेच त्या माशाचे बोलावणे होते. पाणी धरणात साठले, कालव्यांनी दूरवर गेले, आणि कोरड्या दिवसांत धरणाखाली सोडावयाचे पाणी अवघे ६०० क्युसेक ठरलेले राहिले. खंबातच्या आखातातली भरती ही जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. वरून रेटा नसला की ती मीठ घेऊन नदीत खोलवर घुसते. भरूचच्या पंचक्रोशीतल्या लोकांनी नदीचे पाणी खारे झाल्याची तक्रार गेल्या काही वर्षांत वारंवार केली आहे. भिंत नसलेल्या ठिकाणी, पाणी नसणे हीच भिंत झाली.

या खाऱ्या पाण्यावर उपाय म्हणून भरूचच्या खाली, भाडभूत गावाजवळ, नदीच्या मुखापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर एक मोठा दरवाजांचा बांध घालण्याचे ठरले. २०१७ च्या ऑक्टोबरात त्याची पायाभरणी झाली. भरतीचे पाणी खाली रोखावयाचे आणि नदीचे गोडे पाणी वर साठवावयाचे, अशी ही योजना. हिला मात्र हिल्साच्या वाटेवरचाच अडथळा म्हणावे लागेल. म्हणून आराखड्यात माशांसाठी स्वतंत्र वाट ठेवण्याची तरतूद आहे, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा योजनेला विरोधही आहे. शेतकऱ्याला आणि शहराला गोडे पाणी हवे हे खोटे नाही. मच्छीमाराच्या पोटाचा प्रश्नही खोटा नाही.

काही वर्षांपूर्वी बडोद्याला गेलो असता मी भाडभूतला जाऊन आलो. खाडीच्या चिखलात होडी ओढून ठेवून एक वयस्कर मच्छीमार जाळे शिवीत बसले होते. मी माझ्या तोडक्यामोडक्या शास्त्रीय गुजरातीत त्यांना परदेशातल्या मत्स्यजिन्यांची माहिती सांगू लागलो. वहीत चित्रही काढून दाखवले. त्यांनी चित्र नीट पाहिले आणि विचारले, "भाई, आ पगथियां पर पाणी कोण छोडशे?" म्हणजे, या पायऱ्यांवर पाणी कोण सोडणार? पुढे म्हणाले, मासा पायऱ्या मोजत नाही, तो पाण्याची ओढ पाहतो. मी वही मिटली. वर्गात मी जे दोन तासिकांत सांगतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले होते.

तरीही ते दोन तासिकांतले येथे थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न गणिताचा आहे आणि गणित सोपे आहे.

माशाचा वेग दोन प्रकारचा असतो. एक तासन् तास टिकणारा, दुसरा काही सेकंदांपुरता जीव खाऊन मारलेल्या मुसंडीचा. ढोबळ मानाने मुसंडीच्या वेळी मासा सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापतो. म्हणजे दहा सेंटिमीटरचा मासा सेकंदाला एक मीटर, तेही काही क्षणच. आता पाणी उंचावरून खाली पडताना त्याला किती वेग येतो ते पहा. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सूत्र पाठ असेल: दोन गुणिले गुरुत्वप्रवेग गुणिले उंची, आणि त्याचे वर्गमूळ. पाच सेंटिमीटर पडले की वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. दहा सेंटिमीटरला १.४ मीटर, वीसला सुमारे दोन, तीस सेंटिमीटरला २.४ मीटर. तेव्हा आपल्या ओढ्यातल्या बोटभर माशाला एक वीतभर उंचीची पायरी म्हणजे किल्ल्याचा तट. आपण ती ओलांडताना पायाकडे पाहतही नाही.

सामन मासा मोठा, ताकदवान आणि उड्या मारणारा. युरोप-अमेरिकेतले जुने मत्स्यजिने त्याच्यासाठी बांधले गेले. एकाखाली एक हौद, प्रत्येक हौदातून पुढच्यात पाणी पडते, मासा हौदाहौदांतून विसावा घेत चढतो. १९०९ साली बेल्जियमचे अभियंते देनील यांनी निराळी युक्ती काढली: उतरत्या चराच्या तळाला आणि बाजूंना आडव्या पट्ट्या बसवल्या की पाणी स्वतःशीच झगडते आणि त्याचा वेग मंदावतो. कॅनडातल्या फ्रेझर नदीवर रेल्वेच्या कामामुळे १९१४ साली दरड कोसळून नदीचे पात्र अरुंद झाले आणि सामनची वाट अडली. तेथे १९४० नंतरच्या दशकात उभ्या फटींचा मत्स्यमार्ग बांधण्यात आला. त्यात पाणी वरून पडत नाही, भिंतीतल्या उभ्या फटींतून वाहते, म्हणून मासा हव्या त्या खोलीवरून पोहून जाऊ शकतो. उडी न मारणाऱ्या माशांच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिल्साचा चुलतभाऊ म्हणावा असा शॅड मासा आहे. त्याच्यासाठी कनेक्टिकट नदीवरच्या होलिओक धरणाला १९५५ साली चक्क पाळणा बसवला. मासे तळाच्या हौदात गोळा होतात, हौद यंत्राने वर उचलला जातो आणि धरणामागे रिता होतो.

जिना कोणताही असो, दोन गोष्टींवाचून तो व्यर्थ. पहिली, जिन्याचे तोंड माशाला सापडले पाहिजे. मासा प्रवाहाविरुद्ध पोहत भिंतीपर्यंत येतो आणि तेथेच घुटमळतो. तोंड तेथून शंभर पावले खाली असेल, किंवा तेथून येणारी धार बाकीच्या पाण्याच्या गोंगाटात हरवली असेल, तर मासा त्या वाटेला जाणारच नाही. दुसरी, परतीचा प्रवास. वर चढलेल्या हिल्साची अंडी आणि पिले खाली यावयास हवीत. बांधामागचे पाणी संथ असेल तर तरंगणारी अंडी गाळात बसतात. वर नेणारा जिना बांधून समारंभ उरकणारे हे दुसरे अंग हमखास विसरतात.

आपल्या देशाचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही, आणि तो विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा आहे. कावेरीच्या कोळ्ळिडम शाखेवरील बंधाऱ्याखाली हिल्सा येऊन अडतो हे पाहून मद्रास मत्स्यखात्याचे विल्सन यांनी १९०९ च्या सुमारास तेथे हिल्साच्या कृत्रिम पैदाशीचे प्रयोग केले. मत्स्यजिन्याचा उपायही त्या काळी झाला, पण उडी न मारणाऱ्या या माशाने त्याला दाद दिली नाही. पुढे १९३४ साली मेट्टूरचे धरण झाले आणि कावेरीतल्या हिल्साचा विषय जवळजवळ संपला. सिंधमध्ये पल्ला सिंधू नदीतून शेकडो मैल आत जात असे; झुलेलालची मूर्ती पल्ल्यावर आरूढ दाखवतात ती उगीच नव्हे. १९३२ साली सक्करचा आणि १९५५ साली कोटरीचा बांध झाला आणि पल्ल्याची धाव कोटरीखाली थांबली. तेथेही जिने होते.

सर्वांत मोठे उदाहरण फराक्क्याचे. १९७५ साली गंगेवर हा बांध सुरू झाला. त्याआधी इलिश अलाहाबाद, कानपूर आणि क्वचित त्याहूनही पुढे सापडे. नंतर बिहार-उत्तर प्रदेशातल्या मच्छीमारांच्या जाळ्यातून तो जवळपास नाहीसा झाला. बांधात माशांसाठी जलपाश ठेवले होते, पण त्यांचा व्हावा तसा उपयोग झाला नाही. आता दोन दिशांनी प्रयत्न चालले आहेत. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने बांधाखाली पकडलेले हजारो इलिश वर नेऊन सोडले, त्यांतल्या काहींना खुणेच्या पट्ट्याही बांधल्या. आणि २०१९ साली अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने असे जाहीर केले की फराक्क्याच्या नव्या नौकापाशाचे दार विणीच्या हंगामात रात्री एक ते पहाटे पाच या वेळात माशांसाठी उघडे ठेवण्याची सोय असेल. नौकांसाठी जे दार बांधावेच लागते ते रात्री माशांना देणे ही कल्पना मला फार आवडली. बांगलादेशाचा मार्ग वेगळा: तेथे विणीच्या दिवसांत ऑक्टोबरात बावीस दिवस इलिशची मासेमारी बंद असते आणि लहान पिलांना, ज्यांना ते जाटका म्हणतात, कायद्याचे संरक्षण आहे. जगातला निम्म्याहून अधिक इलिश आज त्या देशात मिळतो.

एवढे वाचून आपल्याला वाटेल की हे सारे मोठ्या नद्यांचे आणि मोठ्या खर्चाचे प्रकरण आहे. बेळगाव-खानापूरकडच्या मुलांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या पायाशी आहे.

मृगाचा पाऊस कोसळला, ओढे लाल होऊन वाहू लागले की रात्री कंदील नि टॉर्च घेऊन आपल्याकडे लोक कोठे जातात हे मी सांगावयास नको. चढणीचे मासे! कोकणात रायगडकडे याला वलगण म्हणतात. आमच्या कन्नड विभागातले सहकारी सांगतात की मलनाडात 'हत्तु मीनु' हा शब्द आहे, अर्थ तोच, चढणारे मासे. दोन भाषांनी एकच क्रियापद निवडले. नदीतले मासे ओढ्यात, ओढ्यातले चरात, चरातले भाताच्या खाचरात चढतात. तेथे पाणी उथळ, ऊबदार आणि किड्यामुंग्यांनी भरलेले असते. पिलांना याहून चांगले पाळणाघर नाही. हिल्सा समुद्रातून येतो, हे नदीतून येतात. अंतर कमी, पण गरज तीच.

या वाटेवर आपण काय काय उभे केले आहे ते मोजून पहा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. दगडी खांब, खांबांच्या खाचांत लाकडी वा लोखंडी बरगे. पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात, ऑक्टोबरच्या आसपास घालतात. गाळ आणि पूर निघून जावा म्हणून ही योजना. माशांचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. परंतु नेमक्या चढणीच्या दिवसांत नदी मोकळी राहते. आमच्या अभियंत्यांनी नकळत केलेली ही माशांची सेवा परदेशी पाहुण्यांना दाखवावी इतकी चांगली आहे. अट एकच, बरगे वेळेवर निघाले पाहिजेत, आणि बंधाऱ्याच्या उंबऱ्याखाली पाण्याने खड्डा पाडला असेल तर तो दगडांनी भरला पाहिजे. याउलट ओढ्यांवर जागोजाग झालेले सिमेंटचे नाला बंधारे. महाराष्ट्रात २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार मोहिमेत असे पुष्कळ झाले, आपल्याकडेही कमी नाहीत. ही अखंड भिंत असते, तिला बरगे नसतात. विहिरींना पाणी वाढते हे खरे आहे, त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा मानस नाही. पण दोन मीटर उंचीच्या भिंतीच्या कडेला वीसास एक उताराची दगडगोट्यांची उतरण करावयाची तर ती चाळीस मीटर लांब होते. दगड, थोडे सिमेंट, माणसांचे श्रम. बंधाऱ्याच्या मूळ खर्चापुढे ते अवाजवी नाही. आराखडा करतानाच ते धरले तर.

आणि मोरी. रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळाकडे अडथळा म्हणून कोणाचे लक्ष जात नाही, कारण पाणी तर वाहत असते. मोरी तीन प्रकारे मासे अडवते: खालच्या बाजूस नळाचे तोंड ओढ्याच्या पात्राहून उंच लोंबकळत राहते, गुळगुळीत नळात पाणी पातळ आणि वेगवान होते, आणि पुरात वाहून आलेला कचरा वरचे तोंड बुजवतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात या मोऱ्यांवरून तेथील मूळ रहिवासी जमातींनी खटला भरला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची मते समसमान पडल्याने खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम राहून राज्याला शेकडो मोऱ्या बदलणे भाग पडले. एका मोरीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो हे आमच्या राज्यशास्त्राच्या मित्रांनी लक्षात घ्यावे.

आमच्या तृतीय वर्षाच्या मुलांनी आणि मी अशीच एक मोरी निवडली. गाव व रस्ता सांगत नाही, कारण तक्रार करण्याचा हेतू नाही. नळाचे तोंड खालच्या डोहाहून चाळीस सेंटिमीटर वर होते. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही उत्साहाने दगड रचून तीन पायऱ्या केल्या. जुलैच्या पहिल्या पुरात त्या गेल्या. एक दगड तर दोनशे पावलांवर सापडला. शिवाय मोठी चूक अशी की नळातल्या पाण्याचा वेग आम्ही मोजलाच नव्हता. करवंटी सोडून पाहिली तेव्हा सहा मीटरचा नळ ती चार सेकंदांत पार करीत होती, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. बोटभर माशाने आमच्या तीनही पायऱ्या चढल्या असत्या तरी नळात तो मागेच फेकला गेला असता.

दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन गावातल्या दोन जाणत्या गवंड्यांना बरोबर घेतले. त्यांनी सांगितले की दगड ठेवावयाचा नसतो, पुरावयाचा असतो. त्याचा तीनपैकी दोन हिस्से भाग जमिनीत हवा. पाच ओळी केल्या, प्रत्येकीत दहा सेंटिमीटरहून कमी उंची, आणि मध्ये फटी. सर्वांत वरची ओळ नळाच्या ओठापेक्षा चार बोटे उंच ठेवली. त्यामुळे पाणी नळात तुंबले, खोल झाले आणि मंदावले. करवंटीला आता नऊ सेकंद लागले. त्या पावसाळ्यात मोरीच्या वरच्या अंगाला, जेथे आदल्या वर्षी आम्हाला काहीच मिळाले नव्हते, तेथे लहान मासे दिसले. किती, कोणत्या जातीचे, ते सर्व तेथून चढूनच आले का, याचे उत्तर एका मोसमाच्या नोंदीवरून देणे शास्त्राला धरून होणार नाही. मोठा पूर असतो त्या दिवशी नळ आजही त्यांना अडवतो, एवढे मात्र डोळ्यांनी दिसते. नळ काढून रुंद, तळ उघडा असलेली मोरी घालणे हाच खरा उपाय. तसा अर्ज केला आहे.

वाट अडली तर वर मासे नेऊन सोडावे, हा सोपा उपाय अनेकांना सुचतो. येथे मघाशी राखून ठेवलेली महसीरची कथा सांगतो. लोणावळ्याला तयार झालेली निळ्या परांच्या महसीरची पिले देशभर गेली, आपल्या राज्यातील कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मुळात नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता, जगात दुसरीकडे नसलेला. निळ्या परांचे पाहुणे वाढले आणि घरचा मालक इतका कमी झाला की २०१८ साली त्याची ओळख शास्त्रीय नावानिशी पक्की झाली त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम मोठे होते यात शंका नाही. परंतु हौदात पैदास करणे आणि नदी दुरुस्त करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आमच्या शेजारच्या गोव्यातल्या मांडवीच्या काठी एक जुनी सोय आहे. खाजण शेतांच्या बांधात लाकडी दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीच्या रेट्याने ते दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. खारे पाणी भातात शिरत नाही, आणि हवे तेव्हा दार उघडे ठेवून कोळंबी व मासे आत-बाहेर येऊ देता येतात. शेती आणि मासळी या दोहोंचा हिशेब त्या एका दारात आहे. भाडभूतच्या दरवाजांचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा ही मानस आठवते. म्हादईच्या पाण्याचा तीन राज्यांचा वाद आहे, २०१८ साली लवादाने निवाडा दिला. त्या वादात मासा मात्र कोणाच्याही वतीने पक्षकार नाही.

जेथे धरणाचे काम संपले आहे तेथे ते पाडूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील मेन राज्यात केनेबेक नदीवर १८३७ साली बांधलेले एडवर्ड्स धरण १९९९ साली काढले, आणि एकशे बासष्ट वर्षांनी नदीचा तो भाग मोकळा होताच समुद्रातून चढणारे हेरिंग जातीचे मासे लाखांच्या संख्येने परतले. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत काढण्यात आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सामन त्यांच्या जुन्या जागांच्याही वर दिसला. आपल्याकडे पाण्याची निकड निराळी आहे, तेव्हा ही उदाहरणे जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. पण वापरात नसलेले, गाळाने भरलेले, फुटके बंधारे आपल्या ओढ्यांवरही आहेत, आणि ते तसेच उभे ठेवण्याचे कारण मला कोणी सांगितलेले नाही.

बडोद्याला आता फारसे जाणे होत नाही. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला आणि मगरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा भावाचा फोन आला होता. मगरीला चार पाय आहेत, बांध आडवा आला तर ती काठावरून चालत जाते. बोलता बोलता मी त्याला विचारले, यंदा पालवा मिळाला का? तो म्हणाला, मिळतो, पण भरूचचा आहे असे विकणारासुद्धा छातीवर हात ठेवून सांगत नाही.

असो. येत्या जूनमध्ये दुसऱ्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी साडेसहा वाजता आम्ही पुन्हा त्या मोरीवर जाणार आहोत. परिसरातल्या सर्व मोऱ्या आणि बंधारे यांची उंची, पाण्याचा वेग व खालच्या डोहाची खोली नोंदवण्याचे तक्ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवले आहेत, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी तेथे नाव लिहावे. पायात चपला नकोत, बूट घालावेत. आणि येताना प्रत्येकाने एक करवंटी आणावी.